ऊब आतली, थंडी बाहेरची

बेलापुरात हरितगृह गरम करायची गरजच काय, असं मला पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि शेडनेट लावतात ते ऊन अडवायला. पण नगर जिल्ह्याची थंडी ज्याने अंगावर घेतली नाही, त्याला हे ठाऊक नसतं की डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा कित्येकदा 10 अंशांच्या खाली उतरतो. मिरचीच्या बियाला नीट उगवायला 25 ते 30 अंश लागतात. माती 15 अंशांखाली गारठली की बी आठवडेच्या आठवडे नुसतं पडून राहतं, नाहीतर कुजतं. ज्याला जानेवारीत रोपं हवीत, त्याला ऊब हवी.

ही ऊब कुठून आणायची, हा तंत्राचा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरं सापडतात. त्याच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न उभा असतो, तो मला जास्त छळतो. आपण आपल्यापुरतं हवामान तयार करतो, तेव्हा त्याच्या बाहेर राहिलेल्यांचं आपण काही देणं लागतो का?

आधी तंत्र. आमच्या परसात 10 बाय 20 फुटांचं बांबूचं घर आहे. त्यावर 200 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, आणि उत्तरेला पडक्या वाड्याच्या विटांची जाड भिंत. बेलापूर साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून 47 अंशांवर असतो. म्हणून दक्षिण बाजू उघडी, उत्तर बाजू भिंतीची. उत्तर चीनमधले शेतकरी याच पद्धतीने हरितगृहं बांधतात आणि रात्री कागदावर गवताच्या जाड चटया सोडतात. आम्ही गोणपाटं सोडतो.

भिंतीला लागून काळे रंगवलेले पाण्याचे ड्रम आहेत. 200 लिटरचा एक ड्रम 10 अंशांनी थंड होतो, तेव्हा तो सुमारे सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता सोडतो, आणि तिचं बिल येत नाही. कोपऱ्यात शेण आणि उसाचं पाचट कालवून रचलेला ढीग आहे. असा ढीग आतून 60 अंशांपर्यंत तापतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे भाजीवाले घोड्याच्या लिदीच्या उबेवर भर हिवाळ्यात भाजी काढत, ते तत्त्व हेच. काहीही न जाळता, बाहेर 9 अंश असताना आत पहाटे 16 मिळतात.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. काच उष्णतेचे किरण अडवते म्हणून हरितगृह तापतं, असं आपण शाळेत शिकतो. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1909 मध्ये दोन खोकी घेतली. एकावर काच लावली, दुसऱ्यावर सैंधवाचा पातळ तुकडा, जो उष्णतेचे किरण आरपार जाऊ देतो. दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. म्हणजे हरितगृह तापतं ते मुख्यतः तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. वातावरणाची गोष्ट वेगळी, तिथे वायू खरोखरच किरण शोषतात. बागेतली ऊब मात्र कोंडण्यातून येते. कोंडायचं म्हटलं की आत आलं, आणि आत म्हटलं की बाहेर आलंच.

आता या बाहेरचा हिशोब करू. निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. वर्षभराचं कर्ज त्या घडांवर असतं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ऊब बागेत राहते आणि धूर वस्तीवर जातो. प्लास्टिकचंही तसंच. कागद तीन-चार वर्षांनी फाटतो आणि मग पाटाच्या कडेला, प्रवरेच्या पात्रात लोंबताना दिसतो, नाहीतर कुणीतरी पेटवतो. ‘शाश्वत’ हा शब्द आपण कुंपणाच्या आतली बेरीज बघून वापरतो. वजाबाकी बाहेर होत असते.

इथपर्यंतचं सगळं पर्यावरणाच्या पुस्तकातही सापडेल. पुढचं मला एका बाईमुळे सुचलं.

आमच्या शेताच्या पलीकडे दर हंगामात ऊसतोड कामगारांची टोळी उतरते. पाथर्डी, शेवगाव, बीडकडची माणसं. दिवाळीच्या आसपास येतात आणि मार्चपर्यंत कोप्यांमध्ये राहतात. कोपी म्हणजे बांबूच्या कमानी आणि त्यावर चटई, ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद. हे लिहिताना लक्षात येईल तुमच्या: आमच्या रोपांच्या घराचं सामानही हेच. फरक इतकाच की रोपांच्या घराला भिंत आहे, ड्रम आहेत आणि थर्मामीटर आहे.

मागच्या जानेवारीत त्या टोळीतली एक बाई पाणी न्यायला आली आणि रोपांच्या घरात डोकावली. काखेत सहा-सात महिन्यांचं लेकरू.

“दादा, ह्यात रातीला लई ऊब ऱ्हाती का?”

“16 अंश राहतात, ताई.”

“आमच्या कोपीत किती आसंल?”

त्या रात्री मी तिला थर्मामीटर दिला. सकाळी तिने आणून दाखवला. 10. बाहेरच्यापेक्षा एक अंश जास्त. मग तिने सरळ विचारलं, थंडी ओसरेपर्यंत लेकराला घेऊन इथे झोपू का?

मी नाही म्हणालो, आणि कारण खरं होतं. कुजणाऱ्या ढिगातून कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया निघतो. बंद जागेत तान्ह्या बाळाचं त्याने बिघडू शकतं. आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “मग ओसरीवर झोपू दे की.” पाच रात्री ती मायलेकरं आमच्या ओसरीवर झोपली. सहाव्या रात्री आली नाहीत. आईने विचारलं तर म्हणाली, “माय, बारा कोप्या हायेत. मी एकलीच ऊबत निजले तर बाकीच्यांच्या लेकरांकडं कोणत्या तोंडानं बघू?”

नीतिशास्त्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने 1972 मध्ये विचारलं: डबक्यात मूल बुडताना दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग दूरच्या देशात उपासमारीने मरणारं मूल वेगळं कसं? युक्तिवाद भक्कम आहे. अंतराने कर्तव्य कमी होत नाही, हे तो पटवतो. पण त्या बाईचं उत्तर या उदाहरणात बसत नाही. डबक्यातलं मूल अपघाताने पडलेलं असतं, आणि आपण योगायोगाने तिथून चाललेलो असतो. कोपीतलं मूल अपघाताने तिथे आलेलं नाही, आणि आम्हीही वाटसरू नाही.

ते कसं, ते नकाशावर बघा. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेचे कालवे आमच्या शिवारात आले. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला. पाण्याने आमच्या पट्ट्याचं हवामानच बदललं म्हणा ना. हा कालव्याचा पट्टा म्हणजे एक मोठं हरितगृह आहे. त्याच जिल्ह्यातली पाथर्डी, शेवगावची कोरडवाहू गावं त्याच्या बाहेर राहिली. तिथली माणसं मुकादमाची उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन, आमचा ऊस तोडायला येतात. आतल्या उबेचा काही भाग त्यांच्या श्रमाचा आहे, आणि तरी रात्री ती बाहेरच झोपतात.

म्हणून ओसरी देणं चांगलं असलं, तरी पुरेसं नाही. ओसरी ही दया आहे. ती देणाऱ्याच्या मनावर असते आणि एकालाच पुरते. त्या बाईने दया नाकारली नाही, पाच रात्री घेतली. तिने नाकारलं ते एकटीने आत असणं.

यावर माझ्या चुलतभावाचा आक्षेप असा: “रोपं माझ्या मालकीची, त्यांची जबाबदारी माझी. मजुरांची जबाबदारी मुकादमाची आणि कारखान्याची. तू दोन गोष्टी उगाच एकत्र करतोस.” यात तथ्य आहे. कोप्यांऐवजी नीट खोल्या, पाणी आणि संडास देणं हे कारखान्यांचं आणि सरकारचं काम आहे, आणि शेतकऱ्याने एकट्याने ते अंगावर घेतलं तर त्यांना सुटका मिळते. पण जबाबदारी वरच्याची आहे म्हणजे माझी उरत नाही, हे त्यातून निघत नाही. ऊस माझा आहे, कोपी माझ्या बांधावर आहे, आणि ऊब कशी साठवायची हे मला माहीत आहे. रोपांसाठी वापरलेलं ज्ञान माणसांपाशी येऊन थांबत असेल, तर ते का थांबतं याचं उत्तर मला देता आलं पाहिजे. मला ते देता येत नाही.

तुम्हीही गच्चीवर, बाल्कनीत काही उभारत असाल. जुन्या खिडक्या, बांबू, भंगारातलं सामान वापरून हे करणं चांगलंच आहे, जरूर करा. फक्त ‘हे शाश्वत आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ऊब कुठून आली, कचरा कुठे जाणार, आणि कागदाच्या पलीकडे कोण झोपलंय, हेही विचारा. शहरात एसीचं गरम वारं ज्याच्या खिडकीवर जातं, तोही तुमच्या हरितगृहाच्या बाहेरचाच माणूस आहे.

आम्ही चार शेतकऱ्यांनी यंदा एवढंच ठरवलंय. टोळी उतरते त्या पडीत पूर्व-पश्चिम अशी 40 फूट लांब, 6 फूट उंच विटांची भिंत बांधायची. कोप्या तिच्या दक्षिणेला टेकतील. उत्तरेचा गार वारा अडेल, आणि दिवसा पुढचा पडदा गुंडाळून ठेवला की कललेलं ऊन आत येऊन भिंत तापेल. बारा कोप्या तिला लागून बसणार नाहीत, सहा बसतील, म्हणून दुसरी भिंत कुठे घालायची यावर अजून वाद चालू आहे. याने कुणाची उचल फिटणार नाही, आणि खोल्यांची मागणी ग्रामसभेत करायची ती करायचीच आहे. एका भिंतीला 2,500 विटा लागतील, असं गवंडी म्हणतो.