आईला पर्याय होता का?

भाचीची शिफ्ट सुटली तेव्हा वडपे नाक्यावर कंटेनरांची रांग लागली होती. पुस्तकांच्या गोदामात ती पॅकिंगला असते. टपरीवर बसल्या बसल्या मी तिला माझ्या कादंबरीचं सांगायला घेतलं. कोल्हापूरजवळची वळिवड्याची पोलिश छावणी, 1943 ते 1948. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. 1940 साली पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून त्यांना सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. 1942 मध्ये सुटका झाली ती इराणमार्गे.

“त्या हद्दपारीत काही आयांनी पोटची मुलं अनाथाश्रमात दिली गं. तिथून तरी त्यांना बाहेर पडता येईल, दोन घास मिळतील म्हणून. केवढा त्याग!”

बोटाला चिकटलेला टेपचा तुकडा तिनं सोलून काढला. “दुसरा पर्याय होता का त्यांना?”

“कुठला असणार? पोर डोळ्यांदेखत उपाशी.”

“मग त्याग कसला? ती वेळ आली म्हणायची.”

“बरं, होता म्हण. जवळ ठेवायचं.”

“मग मुलगी विचारणारच, का नाही ठेवलंस? मावशी, तू दोन्हीकडून घेतेस. कौतुक करायचं तेव्हा आईनं निवड केली. जाब विचारला, की तिचा नाइलाज होता.”

मला पटकन काही सुचेना. “नाइलाजातही आई स्वतःचं मन मारते. तोच त्याग.”

“मन पोराचंही मरतं. त्याला नाही कुणी त्याग म्हणत. आई भिवंडीला कामाला आली, मी आजीकडं राहिले चार वर्षं. ‘बघ, तुझ्यासाठी किती करते,’ सगळे म्हणायचे. राग आला तरी गिळायचा.”

“ते आणि युद्ध एक नव्हे.”

“नव्हेच. माझी आई दिवाळीला यायची. जिची आलीच नाही, तिनं कुणावर रागवायचं?”

“म्हणून तर शेवटी वळिवड्यात मी दोघींची भेट घडवणार आहे.”

“म्हणजे आई सुटली. भेट झाली की मुलीचा प्रश्न बंद.”

मी विषय बदलला. पोलिश गेल्यावर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित आले, आज तिथं गांधीनगर आहे, म्हटलं.

“मग त्यांच्या आयांचं काय?”

“ती वेगळी कादंबरी.”

“असं कसं? जागा तीच ना?”

यावरही मी गप्पच. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका आधीच लिहून ठेवली होती : ‘मुलांना सोडून देणाऱ्या आयांना’. वही तिच्यापुढे सरकवली. तिनं वाचली, चहा संपवला. समोर शेअर रिक्षा भरत आली होती.

“आणि सोडलेल्यांना?” एवढं विचारून ती रिक्षात बसली.