प्रयोग कुणाच्या खर्चाने?

१८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत इस्पितळ उभारले. तेव्हापासून सांगली-साताऱ्याकडच्या माणसांना अवघड दुखणे घेऊन मिरज गाठायची सवय आहे. पण मल्टिपल स्क्लेरॉसिस तिथेही सहज ओळखू येईलच असे नाही. एक डोळा अंधूक होतो, महिन्याभरात निवळतो. वर्ष-दोन वर्षांनी पाय जड पडतात. घरचे म्हणतात, अंगावरून वारं गेलं असेल. कुणी मणक्याचा एक्स-रे काढायला लावतो, कुणी अंगारा आणून देतो. प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचे आवरण कुरतडते आहे, हे एमआरआयनंतर समजते. रुग्ण बहुतेकदा विशी-तिशीतली बाई असते.

हल्ले आवरता येतात, आजार मुळासकट जात नाही, असे डॉक्टर सांगतात. घर खचते. नेमकी तेव्हाच स्टेम सेलची जाहिरात कुणीतरी फोनवर पाठवते. उसाचे बिल आले की एक इंजेक्शन, पुढच्या बिलाला दुसरे. मान्यताप्राप्त अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचे उपचार केवळ मंजूर चाचणीतच करावेत आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ‘प्रयोग’ म्हणून बिल फाडणारा माणूस प्रयोग करत नसतो, धंदा करत असतो.

म्हणून प्रयोगालाच नावे ठेवू नयेत. इटलीतल्या फेरारा विद्यापीठाचे शल्यविशारद पाओलो झांबोनी यांच्या पत्नीलाच हा आजार होता. मानेच्या शिरा अरुंद झाल्याने तो होतो, त्या फुग्याने रुंदावाव्यात, असे त्यांनी २००९ मध्ये मांडले. कॅनडातले रुग्ण या उपचारासाठी पदरचे पैसे घालून थेट भारतातही आले. २०१७ मध्ये खुद्द झांबोनींच्याच चाचणीत उपाय निरुपयोगी ठरला, आणि तो निकाल त्यांनी छापला. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. चूक विकणारे दुसरेच होते.

मात्र माझा हा पैशांचा निकष रिटुक्सिमॅबपाशी अडखळतो. मुळात हे लिम्फोमाचे औषध. २००८ मध्ये १०४ रुग्णांच्या चाचणीत ते मल्टिपल स्क्लेरॉसिसवरही चालते असे दिसले, पण कंपनीने मोर्चा ऑक्रेलिझुमॅब या नव्या, महाग भावंडाकडे वळवला. जुन्या औषधाची परीक्षा शेवटी स्वीडनच्या डॉक्टरांनी घेतली. २०२२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्या ३ टक्के रुग्णांना पुन्हा हल्ला आला. तुलनेसाठी डायमिथाइल फ्युमरेट हे दुसरे औषध दिलेल्या गटात १६ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजारासाठी रिटुक्सिमॅब अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. डॉ. रेड्डीजची स्वस्त आवृत्ती तर आपल्याकडे २००७ पासून आहे. म्हणजे डब्यावर या आजाराचे नाव नसलेले औषध डॉक्टर देतात, रुग्ण त्याचे पैसेही मोजतो, आणि तरी यात फसवणूक नाही. कारण फायदा-तोटा कुणीतरी आधी मोजून, लिहून ठेवला आहे. जंतुसंसर्गाची जोखीमही त्यात आली. ती न सांगता सलाईन लावणारा मात्र दुकानदाराच्याच रांगेत बसतो.

आणि मोजायचे काम स्वीडनवरच का सोडावे? मिरज-कराडच्या इस्पितळांनी ठरवले तर औषध सुरू करताना रुग्ण किती पावले चालत होती, सहा महिन्यांनी किती चालली, ताप किती वेळा आला, एवढी नोंद ठेवायला कुठल्या कंपनीचा पैसा लागत नाही.