समता कोणाकोणात?

अमर्त्य सेन यांनी १९७९ साली दिलेल्या एका व्याख्यानाचे शीर्षकच ‘समता कशाची?’ असे होते. संपत्तीची, सुखाची, की मनुष्यास प्रत्यक्षात जे करता येते त्या सामर्थ्याची? त्यांचा कौल सामर्थ्याकडे होता. प्रश्न मोलाचा खराच. परंतु त्याच्याही आधी एक प्रश्न विचारावयास हवा, असे मला वाटते. समता मोजावयाची ती कोणाकोणात?

आमच्या कचेऱ्यांचेच उदाहरण घेऊ. सातव्या वेतन आयोगानुसार १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारात किमान मूळ वेतन १८,००० रुपये आणि मंत्रिमंडळ सचिवाचे २,५०,००० रुपये ठरले. अंतर चौदा पटींहूनही किंचित कमी. कोणाही समतावाद्यास समाधान वाटावे! त्यापूर्वी, सहाव्या आयोगानंतर, चतुर्थ श्रेणीही रद्द झाली. शिपाई, फराश, चौकीदार, माळी, सफाईवाला ही पदे एकाच नावाखाली आली. ‘चतुर्थ’ हा शब्द गेला याचा मला आनंद आहे. नावातला अपमान हाही अपमानच असतो.

झाडू मात्र गेला नाही. अनेक कचेऱ्यांत तो आता ठेकेदाराच्या माणसाच्या हाती आहे. तो माणूस आमच्याच जिन्यावरून ये-जा करतो, पण वेतनश्रेणीच्या तक्त्यात त्यास जागा नाही. चौदा पटींचा हिशेब होतो तो त्याला वगळून. जुना सफाईवाला तुच्छ लेखला जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्यास वेतनवाढ होती, निवृत्तिवेतन होते आणि दाद मागावयास समोर साक्षात सरकार होते. आज त्याच्या जागी आलेल्याने कोणाकडे जावे? कंत्राटी पद्धतीस बंदी झाली, तरी मजूर आपोआप मूळ मालकाचे नोकर ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात दिला. कायद्याचा अर्थ तसा असेलही. परंतु राज्यघटनेच्या ३८ व्या अनुच्छेदात १९७८ च्या दुरुस्तीने जी भर पडली, तीत उत्पन्नाबरोबर दर्जा, सुविधा आणि संधी यांतील विषमतेचाही उल्लेख आहे, आणि तोही केवळ व्यक्तींपुरता नसून निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या समूहांसंबंधी आहे. झाडूचा व्यवसाय कोणत्या समूहांच्या वाट्यास आला, हे वाचकांस सांगावयास नको.

हे सारे काटकसरीसाठी केले, असे सांगतात. काटकसर झालीही असेल. ती कोणाच्या मिळकतीतून झाली, तो आकडा त्या चौदा पटींच्या शेजारी मांडावा, एवढेच माझे मागणे आहे.