गंजातली अक्षरं

शिवराई ओळखायला सोपी आहे, असं पहिल्यांदा वाटतं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. तांब्याची चकती बहुतेक वेळा साच्याच्या ठशापेक्षा लहान, त्यामुळे एखादं अक्षर काठाबाहेर गेलेलं असतं. तरी एवढं ‘त्र’ दिसलं की काम झालं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकाबरोबर आलेला हा मजकूर पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही बहुतांशी तसाच राहिला, आणि पेशवाई बुडाल्यावरही ‘दुदांडी’ म्हणवली जाणारी शिवराई पाडली जात होती. म्हणजे नाण्यावर नाव महाराजांचं असलं तरी ते महाराजांच्या हयातीतलं असेलच असं नाही; बहुतेक वेळा नसतंच. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. सापडलेली प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या काळातली’ असावी ही आपली इच्छा इतकी दांडगी आहे, की ओळख पटवण्याआधीच ती ठरलेली असते.

कोयनानगरला समुद्र नाही, पण काठ आहे. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पावसाळ्यात तुडुंब भरतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी खाली सरकतं, तेव्हा मधला उतार उघडा पडतो: चिखल, भेगा, कुठे जुन्या घराचं जोतं, कुठे वाटेचे दगड. या खोऱ्यातून माणसांची ये-जा जुनी. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून हेळवाक, पाटण करत कऱ्हाडला जाणारी वाट इथूनच. दाभोळसारख्या बंदराचा माल वर यायचा, आणि मालाबरोबर पैसाही. आदिलशाहीतल्या लारी, म्हणजे चांदीची तार दुमडून ठसा मारलेली ती विचित्र नाणी, कोकणपट्टीत चालत. तेव्हा या उताराच्या मातीत शिवराई, आदिलशाही तांबं, कंपनीचा पाव आणा, 1943 नंतरचा भोकाचा पैसा, यांतलं काहीही निघालं तर नवल वाटायचं कारण नाही.

निघालेलं नाणं मात्र नाण्यासारखं दिसत नाही. हिरवट-काळी, खडबडीत ढेप. इथं थोडी धातूची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ओल्या मातीत तांबं हळूहळू विरघळतं. धातूलगत लाल क्यूप्राइटचा थर जमतो, त्यावर हिरवा मॅलाकाइट. हवा न पोचणाऱ्या चिखलात काळं सल्फाइड धरतं. गुहागरच्या वाळूत हेच नाणं पडलं असतं तर मिठातलं क्लोराइड आत शिरून बसलं असतं, आणि बाहेर काढल्यावर दमट हवेत त्यावर फिकट हिरवी भुकटी फुटत राहिली असती. संग्रहालयवाले त्याला कांस्यरोग म्हणतात, आणि तो वेळेत थांबवला नाही तर नाणं पोखरून जातं. जलाशयाच्या गोड्या पाण्यात हा धोका कमी. पण उतारावरची जागा दरवर्षी काही महिने पाण्याखाली आणि काही महिने उन्हात, आणि हे ओलं-कोरडं होणं धातूला सोसत नाही.

महत्त्वाची बाब पुढेच आहे. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, जिथे टाकसाळीत ठसा बसला होता, तो पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो. धातू आत आक्रसलेला असतो आणि अक्षरांचा उठाव गंजाच्या थरात शिल्लक असतो. आपण ज्याला मळ म्हणून खरवडतो, त्यातच ‘राजा’ असतो. चिंच-मीठ लावून, किंवा पितांबरी घेऊन नाणं लखलखीत केलं की हाती येते ती तांब्याची गुळगुळीत चकती. वजन आहे, रंग आहे, वाचण्यासारखं काही नाही.

या घासण्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. आपल्या घरात तांबं घासणं हा संस्कार आहे. देव्हाऱ्यातला टाक, ताम्हण, पळी-पंचपात्र सणाआधी उजळायची असतात, आणि त्याच देव्हाऱ्यात कितीतरी घरांत एखादी शिवराईही असते. तिच्यावर गंज कधीच चढत नाही, आणि तिची अक्षरंही पिढ्यान् पिढ्यांच्या अभिषेकाने पुसट होत जातात. ती कुणी वाचायची नसते, पुजायची असते. तिथे पुसट होणं हे नुकसान मानायचं कारण नाही. मातीतल्या नाण्यालाही आपण तोच न्याय लावतो, एवढीच चूक. ते अजून कुणाच्या देव्हाऱ्यात आलेलं नाही. ते अजून साक्षीदार आहे.

साक्षीदाराशी बोलायची पद्धत वेगळी. आधी काहीच करायचं नाही, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवून सुटी माती तेवढी जाऊ द्यायची. मग अंधाऱ्या खोलीत एका बाजूने, अगदी आडवा प्रकाश टाकायचा आणि नाणं फिरवत राहायचं. सरळ उजेडात सपाट दिसणाऱ्या ढेपेवर अचानक ठिपक्यांचं कडं उमटतं, एखादी वेलांटी उभी राहते. वजन घ्यायचं, पण त्यावर फार विसंबायचं नाही, कारण गंजाने ते घटलेलं किंवा चिकटलेल्या मातीने वाढलेलं असतं. व्यास, जाडी, कडेची ठेवण मोजायची. लोहचुंबक लावून बघायचं: आजचं एक-दोन रुपयांचं पोलादी नाणं चिकटतं, तांबं नाही. ही सगळी वजाबाकीची पद्धत आहे. काय असू शकत नाही ते बाजूला काढत जायचं आणि पुरावा संपला की थांबायचं.

थांबणं अवघड जातं. ‘तांबे, मराठा, अठरावे किंवा एकोणिसावे शतक, टाकसाळ सांगता येत नाही’ ही नोंद कुणाला हरल्यासारखी वाटते. मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते. एका नाण्याला एकच धनी असला पाहिजे, हा आग्रह तरी कुठून आला? नाशिकजवळ जोगळटेंभी इथे 1906 मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. मूळ चेहरा अर्धवट दिसतोय आणि वर विजेत्याची खूण. त्या नाण्यांची ओळख दोन नावांची आहे, त्यांतलं एक खोडलं तर इतिहासच खोडला जातो. आणि ती बोलकी झाली याचं मोठं कारण ती एकत्र, एका ठिकाणी, एका साठ्यात मिळाली हे आहे. तीच नाणी सुटी-सुटी बाजारात पसरली असती तर हा हिशोब लागला नसता.

म्हणून अक्षरांपेक्षाही मी जागेला जास्त मोल देतो. कोयनेच्या उतारावर तर फारच. धरणाने या खोऱ्यातली गावं उठवली. कुटुंबं कुठे रायगड-ठाण्याकडे, कुठे सोलापूर-सांगलीकडे गेली. अमुक शिवराई अमुक जोत्याच्या पायथ्याशी, अमुक वाटेच्या कडेला मिळाली, एवढं जरी लिहून ठेवलं, तरी त्या बुडालेल्या गावात पैसा कुठून आणि कोणत्या वाटेने येत होता याचा धागा हाती येतो. न वाचता येणारं नाणंही मग उपयोगाचं ठरतं. जागा हरवलेलं, पण सुवाच्य नाणं फक्त एवढंच सांगतं की असं नाणं होतं, आणि ते आपल्याला आधीच ठाऊक आहे.

कायदा जागेचा विचार करतो, पण अर्धवट. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, नेमकं कुठे आणि कधी सापडलं तेही सांगायचं. सरकारने ती वस्तू घ्यायची ठरवली तर मोबदला किती? तिच्या धातूची किंमत अधिक त्याचा एक-पंचमांश. तांब्याच्या शिवराईला या दराने चहासुद्धा येणार नाही. मग ज्याला सापडलं तो गप्प बसतो, यात आश्चर्य ते काय. नाणं हातोहात पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत किंवा एखाद्या संग्राहकाच्या वहीपर्यंत जातं. घेणारा अक्षरांचे पैसे देतो, तेव्हा विकणारा आधी ते घासतो. जागा सांगितली तर कागद मागे लागतील, म्हणून ती विसरतो. ‘कुठलं हो हे?’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘साताऱ्याकडचं.’