बंदिवानाची यातना आणि अहिंसाधर्म

अहिंसेचा विचार करताना साधकाची दृष्टी बहुधा स्वतःच्या हाताकडे असते. आपल्या हातून कीटकाचाही घात होऊ नये, ही दक्षता योग्यच होय. परंतु जी हिंसा आपल्या रक्षणाच्या निमित्ताने राज्यसत्तेच्या हातून घडते, तिचा दोष कोणाकडे जातो? अमेरिकेतील धर्मनिष्ठांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

तेथे ११ सप्टेंबर २००१ रोजी झालेल्या हल्ल्यांत सुमारे तीन हजार माणसे मारली गेली. त्यानंतर तेथील केंद्रीय गुप्तचर संस्थेने संशयितांना परदेशातील गुप्त कारागृहांत ठेवून त्यांचा छळ केला. दिवसेंदिवस झोपू न देणे, अरुंद पेटीत कोंडणे, फळीवर बांधून तोंडावरील कापडावर पाणी ओतून गुदमरविणे, असे ते प्रकार होते. एका बंदिवानावर मार्च २००३ मध्ये हा पाण्याचा प्रयोग १८३ वेळा झाला. २००४ मध्ये इराकमधील अबू ग्रैब कारागृहातील सैनिकांच्या क्रौर्याची छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. तेव्हा प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राचे अध्यापक जॉर्ज हन्सिंगर यांच्या पुढाकाराने जानेवारी २००६ मध्ये एक परिषद भरली आणि तीतून यातनाविरोधी धार्मिक चळवळ उभी राहिली. ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान आदी धर्मांचे अनुयायी तीत एकत्र आले. यातना हा नीतीचा प्रश्न आहे, असे फलक अनेक प्रार्थनामंदिरांवर लागले.

येथे अशी शंका उद्भवते की, एकाला पीडा दिल्याने सहस्रांचे प्राण वाचत असतील, तर त्या एकावरील दया ही सहस्रांवरील निर्दयता ठरणार नाही काय?

याचे एक समाधान व्यवहाराचे आहे. अमेरिकेच्या सिनेटच्या समितीने डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या चौकशीचा सारांश प्रसिद्ध केला. अशा उपायांनी माहिती मिळविणे परिणामकारक ठरले नाही, असा तिचा निष्कर्ष होता. पीडित मनुष्य जे सत्य ते सांगत नाही. ज्याने पीडा थांबेल ते सांगतो. परंतु धर्माने एवढ्यावर विसंबू नये. यातना निरुपयोगी म्हणून त्याज्य मानली, तर ज्या दिवशी ती उपयोगी ठरेल त्या दिवशी ती ग्राह्य मानावी लागेल.

म्हणून दुसरे समाधान पाहिले पाहिजे. रणातील शत्रूच्या हाती शस्त्र असते. बंदिवानाच्या हाती काहीच नसते. अन्न, निद्रा, श्वास, सर्वच परक्याच्या स्वाधीन. जो सर्वस्वी आपल्या अधीन झाला, त्याच्याविषयीचे कर्तव्य काय, हे लीळाचरित्रातील सशाच्या लीळेत दिसते. पारध्यांच्या भयाने आलेल्या सशाला श्रीचक्रधरस्वामींनी आश्रय दिला, तेव्हा त्याची योग्यता विचारली नाही. ससा निरपराध होता, बंदिवान कदाचित अपराधी असेल, हा भेद खरा आहे. अपराध सिद्ध झाल्यास न्यायाने दंड व्हावा. परंतु दंड हा केलेल्या कर्माचा असतो. यातना जीवाची इच्छाशक्तीच मोडू पाहते. ज्या मनुष्यदेहात ज्ञानाची व अनुतापाची संधी आहे, तो देहच तिथे जीवाचा वैरी केला जातो. अपराध्याचीही ती संधी हिरावण्याचा अधिकार कोणत्याही राजाला नाही.

२२ जानेवारी २००९ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या उपायांना मनाई करणारा आदेश काढला. २०१५ मध्ये त्याला कायद्याचे बळही मिळाले. तथापि त्याच २००९ मधील एका लोकमत-पाहणीत एक खेददायक गोष्ट दिसली. आठवड्यातून एकदा तरी उपासनेस जाणाऱ्यांपैकी ५४ टक्के लोक, क्वचित किंवा कधीच न जाणाऱ्यांपैकी मात्र ४२ टक्के, यातना अनेकदा वा काही वेळा समर्थनीय मानत होते. उपासना वाढली म्हणजे करुणा आपोआप वाढते, हा समज तेथे खोटा ठरला. चळवळीचे खरे कार्य शासनाइतकेच स्वतःच्या मंदिरांतही होते.

भारतातही हा विचार परका नाही. यातनांविरुद्धच्या १९८४ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली. परंतु त्याचे अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. कोठडीत कोणाला मारहाण झाल्याची वार्ता येते, तेव्हा ‘बरे झाले, चोरच होता’ हे शब्द उपदेशी घरांतूनही सहज निघतात. हात न उचलताही त्या क्षणी हिंसेला अनुमोदन दिले जाते. गाळून पाणी पिणाऱ्याने असे शब्दही गाळूनच मुखावाटे जाऊ द्यावेत.