भाऊ निवडता येतो का?

भाऊ आपण निवडीत नाही. तो घरात आपल्याआधी असतो, नाहीतर मागाहून येतो. मंडळाचे सभासद मात्र निवडावे लागतात. मग जे मंडळ आपल्या सभासदांना ‘बंधू’ म्हणते, त्याने दार कोणासाठी लावावे? ‘नाईट्स ऑफ कोलंबस’ या कॅथलिक बंधुमंडळाच्या इतिहासात हा प्रश्न दोनदा उभा राहिला.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन शहर आहे. तेथील सेंट मेरीज चर्चच्या तळघरात १८८१ च्या ऑक्टोबरात सहाय्यक धर्मगुरू फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी काही गृहस्थ जमविले. धर्मग्रामात आयरिश स्थलांतरित कामगार पुष्कळ होते. कर्ता पुरुष गेला की कुटुंबाची वाताहत होई. फादरांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८७३ साली ते सेमिनरीत असताना वडील वारले आणि त्यांना घरी परतावे लागले होते. कामगारांना विम्याचा आधार देणारी ‘लॉज’ त्या काळी होती. (आपल्याकडे लॉज म्हणजे उतरण्याची जागा, तिकडे बंद दाराआड भरणारे बंधुमंडळ.) परंतु फ्रीमेसनांच्या मंडळात जाण्यास चर्चने १७३८ पासूनच बंदी केली होती. म्हणून फादरांनी कॅथलिकांचे स्वतंत्र मंडळ काढले. मार्च १८८२ मध्ये त्यास राज्याची सनद मिळाली. ‘सान साल्वादोर’ ही त्याची पहिली स्थानिक शाखा. सभासद वारला की उरलेल्यांनी एकेक डॉलर द्यावयाचा आणि विधवेस हजार डॉलरपर्यंत रक्कम पोचवावयाची.

ही भिक्षा नव्हती, हे मला फार मोलाचे वाटते. त्या बाईला कोणाच्या दारी पदर पसरावा लागत नव्हता. नवऱ्याने भरलेल्या वर्गणीचा तो हक्क होता.

पण हक्क आला की हिशेब आला. वयाची अट आली, डॉक्टरी तपासणी आली. ज्याच्या बायकोला आधाराची गरज सर्वांत आधी पडणार, त्या आजारी कामगारालाच दार बंद! हे निष्ठुर खरे. तरीही मी त्याला अन्याय म्हणणार नाही. सरसकट सर्वांना घेते तर मंडळ बुडाले असते आणि कोणाच्याच विधवेस काही मिळाले नसते. पुढे विम्याविना सभासद होण्याची सोय झाली, तेव्हा ही भिंत ठेंगणीही झाली.

दुसऱ्या भिंतीला असा कोणताच आधार नव्हता. अर्जदारावर गुप्त मतदान होई. मोजक्या सभासदांचा नकार पडला की अर्ज निकालात निघे. कारण सांगावे लागत नसे. धडधाकट, वर्गणी देऊ शकणारे, एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारे कृष्णवर्णीय कॅथलिक असे बाहेर राहिले. येथे कोणत्या विधवेचे रक्षण होत होते? अमेरिकेला नावे ठेवण्याची घाई मात्र आपण करू नये. गोव्यातील कित्येक गावांत कोंफ्रारीचे सभासदत्व जातीने बांधलेले होते, आणि ‘कोंफ्रारी’ या शब्दाचा अर्थही बंधुसंघ असाच आहे.

१९६३ साली शिकागोतील एका शाखेने कृष्णवर्णीय पदवीधराचा अर्ज फेटाळला, तेव्हा शाखेच्या पदाधिकाऱ्यांनीच राजीनामे दिले. १९६४ साली मतदानाचा नियम बदलला. फादर मॅकगिव्हनी १८९० सालीच, अवघ्या ३८ व्या वर्षी निवर्तले होते. २०२० साली चर्चने त्यांना धन्यवादित घोषित केले.

दरम्यान १९०९ साली अलाबामातील मोबिल येथे चार जोसेफाइट धर्मगुरू व तीन कृष्णवर्णीय प्रापंचिक यांनी ‘नाईट्स ऑफ पीटर क्लेव्हर’ हे वेगळे मंडळ स्थापिले होते. १९६४ नंतरही ते विलीन झाले नाही. त्याचे मुख्यालय न्यू ऑर्लिन्सला आहे.