सव्विसावं माणूस

पत्रिका छापून झाल्या होत्या. चारशे. वर गणपती, खाली कुलदैवतं आणि त्याखाली ते ठरलेलं वाक्य : सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह उपस्थित राहावे. एप्रिल २०२१च्या शेवटच्या आठवड्यात माझ्या पुतणीचं लग्न होतं आणि २१ एप्रिलला सरकारचा आदेश निघाला. लग्न एकाच सभागृहात, दोन तासांत, एकूण २५ माणसांत. नियम मोडला तर ५०,००० रुपये दंड. त्या रात्री वहिनीनं त्यातलीच एक पत्रिका पालथी घातली आणि कोऱ्या बाजूवर नावं लिहायला घेतली.

नवरा-नवरी दोन. दोघांचे आईवडील, झाले सहा. गुरुजी सात. गुरुजींना मोजायचं की नाही यावर दादा आणि व्याही यांचा फोनवर अर्धा तास गेला. फोटोवाला आठवा, तोही मदतनीस आणणार नाही या अटीवर. मामा हवाच, नाहीतर मुलीला अंतरपाटाशी आणणार कोण? करवली हवी. दोन्हीकडच्या आज्या हव्यात, पण त्यांना आणायचं की जपायचं? असं करत करत पंचवीस भरले तेव्हा वहिनीचं पेन सव्विसाव्या नावावर थांबलं होतं. ते नाव वरच्या मजल्यावरच्या काकूंचं.

काकू नात्यातल्या नव्हेत. पण दादा-वहिनी दोघंही नोकरीवर असताना पुतणी चौथीपर्यंत शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची, त्यांच्याच हातचा वरणभात जेवायची. लग्नासाठी त्यांनी साडी घेतली होती, फॉल-पिको करून ठेवली होती. वहिनी वर जाऊन सांगून आली. काकू म्हणाल्या, "अगं, त्यात काय एवढं! काळच तसा आलाय." आणि वहिनीला चहा घेतल्याशिवाय खाली जाऊ दिलं नाही.

मी तोवर लहान लग्नांचा कट्टर पुरस्कर्ता होतो. माझं स्वतःचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालेलं. १९५४चा विशेष विवाह कायदा, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या झाल्यावर समोरच्या हॉटेलात चहा आणि बटाटेवडा. सहाशे-सातशे पानं उठवणाऱ्या लग्नांची मी आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे मे २०२०मध्ये लग्नाला ५०ची मर्यादा आली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. समाजसुधारकांना दीडशे वर्षांत जे जमलं नाही ते एका विषाणूनं करून दाखवलं, असं वाक्य मी दोन-तीन ठिकाणी टाळीसाठी वापरलंही.

ते वाक्य चूक होतं. सुधारकांनी लग्नातून माणसं काढली नव्हती. २५ डिसेंबर १८७३ला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यातून भटजी गेला, दक्षिणा गेली, न कळणारे मंत्र गेले. त्यांच्या जागी जोतीरावांच्या पद्धतीत आलं ते वधूवरांनी एकमेकांना दिलेलं, समजेल अशा मराठीतलं वचन. समजेल असं, म्हणजे कुणाला? नुसतं दोघांनाच समजायचं असतं तर ते बंद खोलीतही बोलता आलं असतं. भोवतीच्या माणसांनी ऐकावं, उद्या वेळ पडली तर 'तू असं म्हणाला होतास' असं त्याला सुनवावं, यासाठी ते वचन चारचौघांत द्यायचं. माझ्या नोंदणी लग्नातसुद्धा कायद्यानं तीस दिवस एक नोटीस कचेरीच्या फलकावर टांगली होती. समाजाच्या जागी भिंत, एवढाच फरक. (त्या भिंतीचा आंतरधर्मीय जोडप्यांना किती जाच होतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय.)

धर्मानं आणि कायद्यानं मागितलेली माणसं खरोखरच थोडी आहेत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. त्यात पंगत नाही, वरात नाही. मग एवढी गर्दी कशाला, हा माझा जुना प्रश्न. त्याचं उत्तर मला अक्षतांमध्ये सापडलं. गाणं ऐकायला गेलेल्या माणसाच्या हातात कुणी तंबोरा देत नाही, पण लग्नाला गेलेल्या प्रत्येकाच्या हातात, मग तो कितीही लांबचा असो, दारातच चिमूटभर तांदूळ दिले जातात. त्या चिमटीपुरता तो पाहुणा राहत नाही, विधी करणारा होतो. मांडवाच्या शेवटच्या रांगेतून फेकलेल्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोचत नाहीत, पुढच्या टकलावर पडतात. तरी फेकणारा फेकतोच.

पाहुणे मोजण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, त्या टंचाईच्या काळात आणि पुढेही अनेक राज्यांत 'गेस्ट कंट्रोल ऑर्डर' होत्या. किती जणांना जेवू घालायचं यावर बंधन. पण मर्यादा ताटांवर होती, माणसांवर नव्हे. यजमानाला ओशाळं वाटत असेल, पण येणाऱ्याला येता येत होतं. अक्षता टाकून, पानसुपारी घेऊन घरी जाऊन जेवता येत होतं. एकविसाव्या शतकातल्या मर्यादेनं थेट माणूसच मोजला. साथीत त्याला इलाज नव्हता, हे मान्यच. तक्रार आदेशाबद्दल नाहीच. त्या आदेशानं आपल्याला आपल्याच माणसांची उतरंड लावायला बसवलं, त्याबद्दल मी बोलतोय. 'सहकुटुंब, सहपरिवार' या छापील वाक्याला मी पोकळ समजत आलो होतो. प्रत्यक्षात ते वाक्य आपल्याला एका फार अवघड कामातून सोडवत होतं. कोण जवळचं, कोण लांबचं, हे ठरवायची वेळच ते येऊ देत नव्हतं.

बारशांचं त्या मानानं बरं निभावलं. पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका लागतात, एकीनं खालून बाळ द्यायचं आणि दुसरीनं वरून घ्यायचं. त्या दोघी बहुतेक घरांत होत्या. आत्या मात्र अडकली. माझ्या ओळखीतल्या एका घरी आत्या बोस्टनला. मार्च २०२०मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद झालेली. मग फोन स्पीकरवर टाकून बाळाच्या कानाशी धरला आणि तिकडून आत्यानं 'कुर्रर्र' केलं. बाळ दचकून रडलं, सगळे हसले, नाव पडलं. उलट दिशेनं पाहिलं तर तिकडे मुलींची बाळंतपणं आईविना झाली, डिंकाचे लाडू इकडेच डब्यात राहिले.

फोनच्या पडद्यानं दगा दिला तो मरणात. अंत्यविधीला २०ची मर्यादा होती. कोविडनं गेलेल्या कित्येकांना तेवढेही मिळाले नाहीत. 'खांदा द्यायला चौघे' हा आपल्याकडे माणसाच्या आयुष्याचा शेवटचा हिशेब, आणि तो महापालिकेच्या कामगारांनी, अंगभर प्लास्टिक चढवून, पुरा केला. त्यांची आठवण आपण फार लवकर पुसली. पुढे शोकसभा फोनवर सुरू झाल्या, आणि तिथे मला आपल्या एका जुन्या रीतीचं मोल कळलं. दुखवट्याच्या घरी आपण जातो, सतरंजीवर बसतो आणि काहीही बोलत नाही. कुणीतरी पाणी आणून देतं. पंधरा मिनिटांनी 'येतो' असंही न म्हणता उठतो. पडद्यावर असं बसता येत नाही. तिथे दहा सेकंद शांतता झाली की कुणीतरी विचारतं, "आवाज येतोय ना?" म्हणून सगळे बोलत सुटले. गेलेल्या माणसावर तास तास भाषणं झाली आणि त्याच्या बायकोजवळ नुसतं बसायला कुणी नव्हतं.

लग्न पुढे ढकलता येतं, असं तेव्हा सगळे म्हणत. सहस्रचंद्रदर्शन कसं ढकलणार? पौर्णिमा सरासरी साडेएकोणतीस दिवसांनी येते; हजार पौर्णिमा म्हणजे ८० वर्षं आणि सुमारे १० महिने. ज्यांची हजारावी पौर्णिमा त्या दोन वर्षांत पडली त्यांना 'पुढच्या वर्षी थाटात करू' असं सांगणं म्हणजे केवढी जोखीम, हे सांगणाऱ्यालाही कळत होतं.

आता साथ सरली, आणि लहान लग्नं श्रीमंतांनी उचलली. अलिबागला किंवा गोव्याला समुद्रकाठी साठ माणसं, तीन दिवस, प्रत्येकाला वेगळी खोली. खर्च गावच्या सातशेच्या पंगतीला मागे टाकेल असा. साधेपणाच्या नावाखाली खर्चाऐवजी माणसं कापलेली. तिथे ऑफिसातले मित्र असतात, कॉलेजमधले असतात; वरच्या मजल्यावरच्या काकू नसतात. कुणी आदेश काढलेला नसताना नसतात. माझी जुनी टाळीची वाक्यं आता हीच माणसं वापरतात, तेव्हा मला कानकोंडं होतं.

काकूंचं सांगायचं राहिलं. लग्न ठरल्या वेळी, पावणेदोन तासांत उरकलं. मंगलाष्टकं दोनच झाली. दुसऱ्या दिवशी वहिनी पेढे घेऊन वर गेली, काकूंनी घेतले. त्यांनी कधी एका शब्दानं काही म्हटलं नाही. पण आठवड्यातून तीनदा होणारं खाली येणं पंधरवड्यावर गेलं, मग सणापुरतं उरलं. वहिनी म्हणायची, रुसल्या असत्या तर बरं झालं असतं. लग्नात रुसणाऱ्याची समजूत काढायची आपली ठरलेली रीत आहे, पातळ देतात, नमस्कार करतात, कुणीतरी मध्यस्थी करतं. पण रुसायलाही आधी बोलावणं लागतं.

दोन वर्षांनी पुतणीच्या मुलीचं बारसं दादाच्याच घरी झालं. कसलीही मर्यादा नव्हती, घर तुडुंब भरलं होतं. काकू आल्या त्या दोन पुडकी घेऊन. एकात झबलं-टोपडं. दुसऱ्यात खण, नारळ आणि एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं आहेराचं पाकीट, त्यावर पुतणीचं आणि जावयाचं नाव. नारळ तेवढा नवा घेतलेला. पाकिटाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

आमच्या घरी आहेराची वही आहे. कुणी काय दिलं ते लिहायचं आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की उघडून बघायचं. मी तिला आजवर वाण्याची खतावणी म्हणत आलो. त्या लग्नापुरतं वहीत एक पान सोडलं होतं. वर पुतणीचं नाव, खाली सगळं कोरं. पंचवीस माणसांच्या लग्नात आहेर लिहून घ्यायला टेबल मांडून कोण बसणार?

"हे लिहून ठेव," काकू म्हणाल्या.

वहिनीनं कपाटातून वही काढली, पान शोधलं, नाव लिहिलं, रक्कम लिहिली आणि पेन थांबवून विचारलं, "काकू, तारीख आजची घालू?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "लग्नाची घाल."